मार्टिनीसाठी व्होडका निवडताना

व्होडका मार्टिनीत मोजून तीन गोष्टी असतात. व्होडका, थोडी ड्राय व्हर्मूथ, आणि ढवळताना बर्फ वितळून आलेलं पाणी. वर लिंबाच्या सालीची चकती किंवा एखादं ऑलिव्ह. रस नाही, साखर नाही, सोडा नाही. संत्र्याच्या रसात किंवा टॉनिकमध्ये मिसळलेली व्होडका कुठली आहे हे पिणाऱ्याला सहसा ओळखता येत नाही. मार्टिनीत मात्र ग्लासातला जवळजवळ सत्तर टक्के भाग नुसत्या व्होडकाचा असतो. तिच्यात खोट असेल तर ती झाकायला दुसरं काहीच नसतं. म्हणून बाकी कॉकटेलसाठी हाताला येईल ती बाटली चालते, मार्टिनीसाठी चालत नाही.

मार्टिनी मुळात जिनची. जिनला जुनिपरच्या फळांचा, धण्याचा, सालींचा स्वतःचा वास असतो आणि व्हर्मूथशी त्याची जोडी जमते. त्या जागी व्होडका आली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेत. ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिनने १९३९ साली स्मिर्नॉफचे अमेरिकेतले हक्क विकत घेतले आणि पुढच्या वीस वर्षांत व्होडका तिथल्या बारमध्ये रुळली. इयन फ्लेमिंगचा जेम्स बाँड १९५३ च्या ‘कसिनो रॉयाल’मध्ये जिन आणि व्होडका दोन्ही घातलेली मार्टिनी मागवतो, आणि बारमनला सांगतो की व्होडका बटाट्याऐवजी धान्याची असती तर पेय आणखी चांगलं झालं असतं. बाँडच्या ‘हलवून, ढवळून नाही’ या हट्टाची चर्चा फार होते. मला त्याची ही धान्याची सूचना जास्त कामाची वाटते, कारण व्होडका निवडताना पहिला खरा प्रश्न तोच आहे: ती कशापासून केलेली आहे?

पण त्याआधी मार्टिनी करताना व्होडकाचं काय होतं ते पाहू. बाटलीतली व्होडका आणि ग्लासातली व्होडका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा ६० मिलि व्होडका, म्हणजे एक लार्ज पेग, आणि १० मिलि व्हर्मूथ बर्फावर ओतून अर्धा-पाऊण मिनिट ढवळली. बर्फ वितळतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो पेयातून ओढून घेतो. मद्यार्क मिसळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्यामुळे मिश्रण शून्याच्याही खाली, साधारण उणे चार-पाच अंशांपर्यंत जातं. एवढ्यात त्यात १७-१८ मिलि पाणी उतरलेलं असतं. थंडावा आणि पाणी एकाच क्रियेतून येतात. बर्फ वितळल्याशिवाय पेय एवढं गार होत नाही, आणि वितळला की पाणी आलंच. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, मार्टिनीचा तो हक्काचा घटक आहे.

आता हिशेब करा. ४० टक्के मद्यार्काची व्होडका असेल तर ग्लासात शेवटी सुमारे २९ टक्के मद्यार्क उरतो. ३७.५ टक्क्यांची घेतली तर २८ पेक्षा थोडा कमी. ४२.८ टक्क्यांची घेतली तर ३१ च्या वर. आकडे जवळजवळ दिसतात, पण जिभेवर फरक स्पष्ट जाणवतो. २८ च्या खाली मार्टिनी पातळ आणि पाणचट लागायला सुरुवात होते. युरोपात व्होडकाला किमान ३७.५ टक्के मद्यार्क असावा असा नियम आहे आणि बऱ्याच स्वस्त बाटल्या नेमक्या त्या रेषेवर भरलेल्या असतात. आपल्याकडे ४२.८ हा आकडा अनेक लेबलांवर दिसतो. तो इंग्रजांच्या जुन्या ‘प्रूफ’ मोजणीतून आला: त्या मोजणीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, आणि त्यातून २५ अंश उणे केले की ४२.८. हा वसाहतकाळातला आकडा मार्टिनीला मात्र चांगला मानवतो, कारण पाणी उतरल्यावरही पेयात जोर राहतो. म्हणून दुकानात बाटली हातात घेतली की नावाआधी तिच्यावरचा टक्का वाचा. चाळीसच्या खालची असेल तर मार्टिनीसाठी परत ठेवा. एकच ब्रँड वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या टक्क्यांनी भरला जातो, तेव्हा लंडनला प्यायलेली आणि पुण्यात घेतलेली बाटली सारखीच असेल असं गृहीत धरू नका.

थंडीचंही एक काम आहे. उणे चार अंशांना पेयाचा वास जवळजवळ गोठतो, घशाची जळजळ कमी होते आणि द्रव किंचित दाट होतो. या तापमानाला बहुतेक व्होडका बऱ्या लागतात. पण मार्टिनी एका घोटात संपत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ग्लास कोमट होत जातो आणि दडलेले वास वर येतात. पहिला घोट सगळ्याच बाटल्यांना साधतो, परीक्षा शेवटच्या दोन घोटांची असते. माझं निवडीचं मोजमाप एवढंच: कोमट झालेल्या शेवटच्या दोन घोटांत जी व्होडका तोंड वाकडं करायला लावत नाही, ती मार्टिनीची व्होडका.

आता ती तयार कशी होते ते. धान्य, बटाटा, मळी, द्राक्षं, ज्यात साखर आहे किंवा ज्याच्यातल्या स्टार्चची साखर करता येते अशा कुठल्याही पदार्थापासून व्होडका करता येते. आंबवलेला रस उंच स्तंभासारख्या भट्टीत तापवतात. या स्तंभात एकावर एक तबकं असतात. वाफ वर चढते, प्रत्येक तबकावर थोडी थंड होते, पुन्हा उकळते आणि दर टप्प्याला मद्यार्क अधिक शुद्ध होत जातो. अशा सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट आयर्लंडच्या एनिअस कॉफीने १८३० साली घेतलं, आणि आजच्या व्होडकाचा पाया तिथे आहे. शेवटी मिळणारा मद्यार्क ९६ टक्क्यांच्या आसपासचा असतो. मग त्यात पाणी घालून तो चाळीसवर आणतात.

गोव्याची फेणी याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे भाटीत एकदा काढली की हुर्राक आणि पुन्हा काढली की फेणी. काजूच्या बोंडाचा वास राहावा हाच तिथे हेतू असतो. व्होडकाचा हेतू वास जवळजवळ पुसून टाकण्याचा. मात्र ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जे थोडंसं उरतं त्यावरच मार्टिनीचं भवितव्य ठरतं.

हे कळलं की लेबलावरच्या ‘तीनदा ऊर्ध्वपातित’, ‘पाचदा ऊर्ध्वपातित’ या घोषणांचं वजन उतरतं. स्तंभातलं प्रत्येक तबक स्वतःच एक छोटं ऊर्ध्वपातन करतं आणि अशी डझनावारी तबकं एका स्तंभात असतात. त्यातलं ‘एकदा’ कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. गाळणीचीही तीच कथा. कोळशातून गाळणं हे खरं तंत्र आहे. पीटर्सबर्गमध्ये थिओडोर लोविट्झने १७८५ मध्ये कोळसा वास आणि रंग शोषून घेतो हे दाखवलं आणि रशियात बर्चच्या कोळशातून व्होडका गाळण्याची रीत पडली. पण कोळसा किंचित दोष काढतो, मूळचा वाईट मद्यार्क चांगला करत नाही. हिऱ्यातून, चांदीतून, सोन्यातून गाळल्याचं लेबल सांगत असेल तर त्या ओळीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. बाटलीत साठ टक्के पाणीच असतं. जड, क्षारांचं पाणी व्होडकाला खडूसारखी चव आणि खरखरीत शेवट देतं, म्हणून उत्पादक क्षार काढलेलं पाणी वापरतात. आणखी एक गोष्ट लेबलावर सहसा लिहिलेली नसते. अमेरिकेच्या नियमांनुसार व्होडकात लिटरमागे दोन ग्रॅमपर्यंत साखर आणि एक ग्रॅमपर्यंत सायट्रिक ॲसिड घालता येतं. ‘अगदी मऊ’ म्हणून गाजलेल्या बाटलीचा मऊपणा कधीकधी असा आलेला असतो. मार्टिनीत ही साखर नडते. ड्राय व्हर्मूथचा कडवट, वनस्पतींचा वास तिने बोथट होतो आणि घोट गिळल्यावर ओठांवर चिकटपणा राहतो. घोटानंतर ओठ एकमेकांवर घासून पाहा, चिकटले तर ती बाटली संत्र्याच्या रसासाठी ठेवा.

आता बाँडचा प्रश्न. कच्च्या मालाने फरक पडतो का? पडतो. थोडा पडतो, पण मार्टिनीत नेमका तेवढा कळतो.

गव्हाची व्होडका मऊ, किंचित गोडसर, पावाच्या कवचासारखा पुसट वास असलेली. स्वीडनच्या दक्षिणेला ऑहुस गावात होणारी ॲब्सोल्यूट, फ्रान्सच्या पिकार्डी भागातल्या हिवाळी गव्हाची ग्रे गूस, नेदरलँड्समधल्या स्किडामची केटेल वन या सगळ्या गव्हाच्या. यांतल्या केटेल वनमध्ये काही भाग जुन्या तांब्याच्या भांड्यात काढलेला असतो, त्यामुळे तिला थोडा जास्त जीव आहे. लिंबाच्या सालीची मार्टिनी करायची असेल तर गव्हाकडे जा. सालीतलं सुगंधी तेल वर तरंगतं आणि खालची व्होडका त्याला वाट देते.

राई हे पोलंडचं धान्य. राईच्या व्होडकाला कोरडी, मिरीची आठवण करून देणारी धार असते. बेल्व्हेडेअर आणि व्हिबोरोव्हा या राईच्या. ऑलिव्ह आणि त्याच्या खारवणीसमोर टिकून राहायचं असेल तर मला राईच लागते. गव्हाची व्होडका ऑलिव्हपुढे दबून जाते. ‘डर्टी मार्टिनी’, म्हणजे ऑलिव्हचं खारं पाणी चमचाभर घातलेली, आवडत असेल तर दुसरीकडे पाहूच नका.

बटाट्याची व्होडका बाँडने नाकारली तरी मी नाकारणार नाही. बटाट्यात फार तर पाचवा हिस्सा स्टार्च, बाकी बहुतेक पाणी. धान्यात स्टार्च साठ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तेवढाच मद्यार्क काढायला बटाट्याचा मोठा ढीग लागतो, आणि चांगली बटाट्याची व्होडका स्वस्त पडत नाही. पोलंडच्या शोपँ आणि लुक्सुसोव्हा या तिच्यातल्या नावाजलेल्या. ती तोंडात भरते, किंचित मातकट लागते आणि जिभेवर सायीसारखी पसरते. तिच्यासाठी व्हर्मूथ जरा वाढवावी, सहाला एक ऐवजी चाराला एक. व्हर्मूथचा आंबूस-कडवटपणा त्या जाडपणाला कापतो. कमी व्हर्मूथवर हीच व्होडका जड होते, आणि बटाट्याबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तेच असावं असं मला वाटतं.

मक्याची व्होडका, उदाहरणार्थ टेक्ससची टिटोज, गोडीकडे झुकते. बार्लीची फिनलंडिया कोरडी आणि स्वच्छ. फ्रान्सची सिरॉक द्राक्षांची. धान्य किंवा बटाटा सोडून दुसऱ्या कशाची व्होडका असेल तर ते लेबलावर लिहिलंच पाहिजे, असा नियम युरोपीय संघाने २००८ मध्ये केला. त्याआधी पोलंड, फिनलंड, स्वीडन अशा देशांनी ‘व्होडका म्हणजे धान्य किंवा बटाटाच’ असा आग्रह धरून मोठं भांडण मांडलं होतं.

हे भांडण महाराष्ट्रातल्या वाचकाला दूरचं वाटायला नको. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या प्रदेशात मद्यार्काचा मोठा स्रोत मळी आहे. भारतातल्या व्होडका ज्या शुद्ध तटस्थ मद्यार्कापासून होतात तो मळीचाही असतो आणि धान्याचाही. मळीचा मद्यार्क कितीही शुद्ध केला तरी कोमट झाल्यावर त्यात रमची आठवण करून देणारी गोडसर छटा डोकावते. टॉनिकमध्ये ती कळत नाही, मार्टिनीच्या शेवटच्या घोटात कळते. म्हणून देशी बाटली घेताना लेबलावर ‘ग्रेन’ लिहिलं आहे का ते शोधा. धान्यापासून केलेली असेल तर उत्पादक ते अभिमानाने आणि ठळक लिहितो. लिहिलेलं नसेल तर मळीची शक्यता धरून चाला. धान्याची, ४२.८ टक्क्यांची आणि साखर न जाणवणारी देशी व्होडका मिळाली तर मार्टिनीसाठी तिच्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. आयात मद्यावर जबर सीमाशुल्क आहे, आणि विदेशी बाटलीच्या किमतीतला मोठा भाग करांचा असतो, चवीचा नव्हे.

किमतीवर विसंबू नये याचा एक पुरावा प्रसिद्ध आहे. २००५ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २१ व्होडकांची अंध चाचणी घेतली. एरिक ॲसिमॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे लेबल झाकलेले ग्लास होते आणि त्यांत महागड्या बाटल्या रांगेने होत्या. तुलनेसाठी म्हणून साधी स्मिर्नॉफ गुपचूप मिसळलेली होती. पहिली आली तीच. याचा अर्थ स्मिर्नॉफ जगात सर्वोत्तम असा नाही. बाटलीचा आकार, किंमत आणि जाहिरात डोळ्यांआड गेली की जीभ वेगळा निवाडा देते, एवढा त्याचा अर्थ आहे.

ही चाचणी घरी सहज करता येते. आपल्याकडे बऱ्याच ब्रँडांची १८० मिलिची क्वार्टर मिळते. तिचा इथे फार उपयोग आहे, कारण खंबा घेऊन पस्तावण्यापेक्षा दोन-तीन क्वार्टर घेऊन पारखणं शहाणपणाचं. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, गोव्यात वयोमर्यादा १८ आहे.

पहिली पायरी वासाची. प्रत्येक व्होडकाचे दोन चमचे घ्या, त्यात तेवढंच साधं गाळलेलं पाणी घाला, वर बशी झाका आणि पाच मिनिटं थांबा. फ्रीजमध्ये ठेवू नका. पाण्याने मद्यार्काची झणझण उतरते आणि आतलं जे काही आहे ते वर येतं. बशी काढून हुंगा. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर भट्टीतला सुरुवातीचा हलका भाग नीट वेगळा केलेला नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा, तेलकट वास आला तर शेवटचा जड भाग आत राहिला आहे. दोन्ही बाटल्या बाद. धान्याचा पुसट वास आला किंवा काहीच आला नाही तर पुढे जा.

दुसरी पायरी तीन ग्लासांची. घरातल्या कुणाला तरी सांगा की तीनपैकी दोन ग्लासांत एक व्होडका आणि तिसऱ्यात दुसरी ओत, पण कुठल्या कुठे ते मला सांगू नकोस. तुमचं काम एवढंच की वेगळा ग्लास ओळखायचा. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनातून एकदा बरोबर येईल, म्हणून हा खेळ चार-पाच वेळा, ग्लास बदलून करायचा. घोट ओठ ओले करण्यापुरताच घ्या आणि थुंकून टाका. व्यावसायिक चाखणारेही तेच करतात. वेगळा ग्लास पुन्हा पुन्हा ओळखता आला नाही तर दोन्हींत तुमच्या जिभेपुरता फरक नाही, आणि मग स्वस्त बाटली घ्यायची. ओळखता आला तर कुठली आवडली ते ठरवायला अर्थ आहे.

तिसरी पायरी खरी मार्टिनी. एका वेळी एकच करा, कारण एका मार्टिनीत ४२.८ टक्क्यांची ६० मिलि म्हणजे सुमारे वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. उंच ग्लासात मोठे, कोरडे बर्फाचे खडे भरा. पाणी सुटलेला बर्फ पेय गार व्हायच्या आतच ते पाणचट करतो. बर्फ गाळलेल्या पाण्याचा आणि झाकणाच्या डब्यात जमवलेला असावा, कारण फ्रीझरमध्ये बोंबील किंवा सुरमई असेल तर उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास धरतो आणि मार्टिनी तो लपवत नाही. ६० मिलि व्होडका, १० मिलि ड्राय व्हर्मूथ, लांब चमच्याने अर्धा-पाऊण मिनिट शांतपणे ढवळा. शेकरमध्ये हलवली तर बर्फाचे बारीक कण आणि हवा मिसळून ती गढूळ होते, तोंडातला दाटपणा मोडतो. व्होडकाच्या पोताची परीक्षा करायची असताना तो मोडून कसं चालेल? आधीपासून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या ग्लासात गाळून घ्या.

व्हर्मूथ ही वाइन आहे हे बरेच जण विसरतात. उघडल्यावर ती फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. कपाटात वर्षभर राहिलेली व्हर्मूथ तपकिरी, सुक्या मेव्यासारखी लागते, आणि दोष मात्र व्होडकावर येतो.

काही जण व्होडकाची बाटलीच फ्रीझरमध्ये ठेवतात. घरचा फ्रीझर उणे अठरा अंशांचा असतो आणि चाळीस टक्क्यांची व्होडका उणे सव्वीस-सत्तावीस अंशांपर्यंत गोठत नाही, तेव्हा ती फुटत नाही, एकतारी पाकाच्या अलीकडची दाट होते. लंडनच्या ड्यूक्स हॉटेलच्या बारमध्ये अशाच गोठणगार बाटलीतून, न ढवळता, थेट ग्लासात मार्टिनी ओततात, आणि एका गिऱ्हाइकाला दोनच देण्याची त्यांची प्रथा आहे. या पद्धतीत बर्फ वितळत नाही, म्हणजे पाणीही येत नाही. घरी करायची असेल तर १५ मिलि थंडगार पाणी स्वतः मोजून घाला, नाहीतर व्होडकाची पारख होण्याऐवजी नुसती तिची झणझण कळेल.

सालीबद्दल शेवटचं. कृतीत लिहिलेलं लिंबू हे जाड पिवळ्या सालीचं विदेशी लिंबू आहे. आपलं कागदी लिंबू रसाला उत्तम, पण त्याची साल पातळ, तेल तीक्ष्ण आणि कडवट, गव्हाच्या मऊ व्होडकावर ते चढून बसतं. पिवळं लिंबू मिळालं नाही तर मोसंबीची साल घ्या, पांढरा भाग न येईल इतकी पातळ सोला, आणि पेयावर धरून एकदा पिळली की ती ग्लासात टाकू नका, बाजूला ठेवा.